नामदार गोखले: मताचा अधिकार नसलेल्या सभागृहातील तेरा वर्षे

पुण्यातील फर्ग्युसन रस्त्याला गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव दिलेले आहे आणि त्या नावाआधी "नामदार" हा शब्द येतो. हा शब्द आपण इतक्या सवयीने उच्चारतो की तो सरकारने बहाल केलेला एखादा किताब असावा असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात इंग्रजी अमदानीत कायदेमंडळाच्या सभासदाला "नामदार" म्हणत असत. गोखले यांना "सर" हा किताबही देऊ करण्यात आला होता, आणि तो त्यांनी १९१४ मध्ये नाकारला. त्यांच्या नावाला कायमची चिकटली ती सभासदत्वाची खूण, आणि ते योग्यच झाले, कारण त्यांच्या आयुष्याचे खरे काम त्या सभागृहात झाले. शाळेच्या पुस्तकांत मात्र "मवाळ नेते" आणि "गांधीजींचे राजकीय गुरू" एवढ्यावर त्यांची बोळवण होते. ज्या सभागृहात अंदाजपत्रकावर मत देण्याचाच अधिकार नव्हता, तेथे एका सभासदाने तेरा वर्षे काय केले, हे मला सविस्तर सांगावेसे वाटते.

त्यासाठी आधी ते सभागृह समजून घ्यावे लागेल. व्हाइसरॉयचे कायदेमंडळ हे आजच्या संसदेसारखे मुळीच नव्हते. व्हाइसरॉय स्वतः अध्यक्षस्थानी बसे, त्याच्या कार्यकारी मंडळाचे सभासद शेजारी असत, आणि कायदे करण्यापुरते काही "अतिरिक्त सभासद" नेमले जात. १८९२ च्या कायद्याने या अतिरिक्त सभासदांची संख्या १० ते १६ अशी ठरविली. त्यांतही सरकारी अधिकारी असत. मुंबई, मद्रास, बंगाल आणि वायव्य प्रांत (साधारणपणे आजचा उत्तर प्रदेश) येथील प्रांतिक कायदेमंडळांच्या बिनसरकारी सभासदांनी प्रत्येकी एक नाव सुचवायचे आणि व्हाइसरॉयने त्याची नेमणूक करायची, अशी पद्धत होती. "निवडणूक" हा शब्दही कायद्यात नव्हता. अंदाजपत्रकावर वर्षातून एकदा भाषण करता येई, परंतु मतदान होत नसे आणि एका रुपयाचीही कपात सुचविता येत नसे. प्रश्न विचारता येई, पण त्याच्या उत्तरावर उपप्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. थोडक्यात, सरकारने आधीच ठरविलेल्या गोष्टीवर सभ्य शब्दांत अभिप्राय द्यायचा आणि घरी जायचे.

अशा ठिकाणी २६ मार्च १९०२ रोजी, कलकत्त्यात, गोखले पहिल्या अंदाजपत्रकी भाषणासाठी उभे राहिले तेव्हा त्यांचे वय ३५ होते. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होता. अंदाजपत्रक शिलकी होते आणि सभासदांनी त्याबद्दल सरकारचे अभिनंदन करावे असा रिवाज होता. गोखले यांनी आरंभीच सांगितले की, या अभिनंदनात आपल्याला मनापासून सामील होता येत नाही. देशात प्लेग चालू आहे, दुष्काळ नुकताच येऊन गेला आहे, लोक खंगलेले आहेत, आणि त्याच वेळी सरकारी तिजोरीत मात्र वर्षामागून वर्ष शिल्लक पडते आहे. या दोन गोष्टी एकत्र नांदतात याचाच अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतले जात आहेत, हा त्यांचा मुद्दा होता.

हा मुद्दा वरवर सोपा दिसतो, पण त्याच्या मुळाशी रुपयाच्या भावाचा गुंता आहे. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे. रेल्वेच्या कर्जांचे व्याज, निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांची पेन्शने, लंडनमधील इंडिया ऑफिसचा खर्च, असे सारे त्यात येई. एकोणिसावे शतक संपताना ही रक्कम वर्षाला सुमारे पावणेदोन कोटी पौंड होती. सरकारचे उत्पन्न मात्र रुपयांत होते, आणि रुपया चांदीचा होता. चांदी स्वस्त होत गेली तसा रुपया घसरला. १८९४-९५ च्या सुमारास एका रुपयाला जेमतेम १३ पेन्स मिळू लागले. पौंडाचे पेन्स २४०. म्हणजे एका पौंडासाठी साडेअठरा रुपयांच्या आसपास मोजावे लागत. ही खोट भरून काढण्यासाठी सरकारने कर वाढविले: १८८६ मध्ये प्राप्तिकर आला, १८८८ मध्ये मिठावरील कर मणाला २ रुपयांवरून अडीच रुपये झाला, १८९४ मध्ये आयात मालावर पुन्हा जकात बसली.

पुढे सरकारने १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या, नाणे टंचाईने महाग झाले, आणि १८९८ च्या सुमारास रुपया १६ पेन्सांवर येऊन ठेपला. आता एका पौंडाला १५ रुपये पुरू लागले. पौंडामागे साडेतीन रुपये वाचले. ढोबळ हिशेब केला तर पावणेदोन कोटी पौंडांवर ही बचत वर्षाला सहा कोटी रुपयांच्या घरात जाते. ज्या अडचणीसाठी कर वाढविले ती अडचण मिटली होती, पण वाढविलेले कर तसेच राहिले होते. तिजोरीतील शिल्लक येथून येत होती. सरकार तिला देशाच्या भरभराटीची खूण म्हणत होते, आणि गोखले सरकारच्याच हिशेबाच्या वह्या उघडून दाखवीत होते की ही भरभराट करदात्याच्या खिशातून आलेली आहे.

मिठाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. मणाला अडीच रुपये कर, म्हणजे ४० आणे. मणाचे शेर ४०. म्हणजे घरात आणलेल्या प्रत्येक शेर मिठामागे एक आणा सरकारला जात असे, आणि तो सावकाराच्या घरातून जितका जाई तितकाच शेतमजुराच्या घरातूनही जाई. श्रीमंत माणूस गरिबापेक्षा दहापट मीठ खात नाही, म्हणून हा कर गरिबाला सर्वांत जड होता. गोखले यांनी येथे दयेची याचना केली नाही. मिठाचा कर वाढला की खप कसा खुंटतो आणि कर उतरला की खप कसा वाढतो, हे त्यांनी खपाच्या सरकारी आकड्यांवरून मांडले, आणि कर कमी केल्याने तिजोरीचे नुकसान वाटते तितके होणार नाही हेही दाखविले. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरील कर २ रुपयांवर आला. १९०५ मध्ये तो दीड रुपया झाला आणि १९०७ मध्ये एक रुपया. शेरामागचा एक आणा (म्हणजे बारा पै) पाच पैंपर्यंत उतरला. प्राप्तिकराची मर्यादाही १९०३ मध्ये वर्षाला ५०० रुपये उत्पन्नावरून १,००० रुपयांवर गेली. गोखले यांची तिसरी मोठी मागणी, हिंदी गिरण्यांच्या कापडावरील साडेतीन टक्के अबकारी कर उठविण्याची, सरकारने मान्य केली नाही. तो कर त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी उठला.

हे सारे एकट्या गोखल्यांच्या भाषणामुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. शिल्लक इतकी वाढली होती की काहीतरी सूट देणे सरकारला भागच होते. मात्र सूट कोणत्या कराला द्यायची, या वादात मिठाचे नाव आघाडीवर राहिले याचे मोठे श्रेय त्यांना द्यावे लागेल.

आकड्यांची ही शिस्त आली कोठून? याचे उत्तर पुण्यात आणि सोलापुरात सापडते. गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील लवकर वारले, थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये ते दरमहा कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळाला पाठवीत. १८८४ मध्ये बी. ए. झाल्यावर गोखले न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि महिना ७५ रुपयांवर फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. याच काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना शिष्य म्हणून हाताशी धरले. सरकारी अहवाल वाचायचे, गोषवारे काढायचे, अर्ज-विनंत्यांचे मसुदे करायचे, आणि रानड्यांनी ते तपासून परत पाठवायचे, असे हे शिक्षण अनेक वर्षे चालले.

दुसरे गुरू म्हणजे गणेश व्यंकटेश जोशी. "सार्वजनिक काका" या नावाने प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी वेगळे. दोन्ही नावांची अनेकदा गल्लत होते म्हणून मुद्दाम सांगतो. गणेश व्यंकटेश हे सरकारी हायस्कुलातील शिक्षक, सोलापूरला राहणारे, आणि हिंदुस्थानच्या जमाखर्चाचे त्या काळातील एक नामांकित अभ्यासक. गोखले यांच्या अंदाजपत्रकी भाषणांमागची कितीतरी आकडेमोड या जोशींच्या मदतीने झालेली आहे. कलकत्त्याच्या सभागृहात व्हाइसरॉयसमोर मांडलेल्या हिशेबाच्या मागे सोलापूरच्या एका शाळामास्तराचे कष्ट होते, ही गोष्ट मला गोखल्यांच्या गौरवाइतकीच मोलाची वाटते, आणि ती फार कमी सांगितली जाते.

पुराव्याचे महत्त्व गोखले यांना आणखी एका प्रसंगाने शिकविले, आणि तो धडा अतिशय कडू होता. १८९७ मध्ये ते डेक्कन सभा या राजकीय संस्थेच्या वतीने वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी लंडनला गेले. हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणारे हे रॉयल कमिशन होते आणि त्याच्या सभासदांत स्वतः दादाभाई नौरोजी होते. तीस वर्षांच्या गोखल्यांची साक्ष उत्तम झाली. त्याच वेळी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोल्जर घरोघर शिरत होते, आणि त्यांच्या जुलमाच्या हकिगती मित्रांच्या पत्रांतून गोखले यांना कळत होत्या. सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची गंभीर माहितीही त्या पत्रांत होती. गोखले यांनी ती विलायतेतील वर्तमानपत्रात जाहीर केली. मुंबईस परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. पत्रे लिहिणारे मित्र पुढे येण्यास तयार नव्हते, रँडच्या खुनानंतर पुण्यात भीतीचे वातावरण होते, आणि शपथेवर सांगणारा साक्षीदार एकही मिळाला नाही. गोखले यांनी मित्रांची नावे उघड केली नाहीत आणि स्वतः जाहीर माफी मागितली.

या माफीबद्दल त्यांना पुण्यातच अपार मानहानी सोसावी लागली. माफी मागणारा भित्रा माणूस ही त्यांची ओळख पुढे अनेक वर्षे राहिली. मला मात्र त्यांचे वर्तन समजण्यासारखे वाटते. सिद्ध करता येत नाही ते विधान मागे घ्यावे, हा साधा नियम त्यांनी स्वतःला लावला. त्यानंतर प्लेगच्या निवारणाच्या कामात ते स्वयंसेवक म्हणून राबले. १९०२ नंतरची त्यांची भाषणे वाचताना लक्षात येते की त्यांतील बहुतेक आकडे सरकारी छापील कागदांतून उचललेले आहेत, म्हणजे ते खोटे ठरवायचे तर सरकारला आपलेच कागद खोटे ठरवावे लागले असते.

कायदेमंडळाची पायरी ते १८९९ मध्ये मुंबईत चढले. तेथे १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्यातील दुरुस्ती रेटून नेली जात असताना फिरोजशहा मेहता यांच्यासह काही सभासद निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडले, त्यांत गोखलेही होते. पुढे मेहता यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातील जागा सोडली आणि मुंबईच्या सभासदांनी गोखले यांचे नाव पाठविले. १९०२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजातून ३० रुपयांच्या पेन्शनीवर निवृत्त झाले, आणि १२ जून १९०५ रोजी त्यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी स्थापन केली. त्याच वर्षी बनारस येथील काँग्रेसचे ते अध्यक्ष होते.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी सभागृहाची रचना बदलली. अतिरिक्त सभासदांची मर्यादा ६० झाली, उपप्रश्न विचारता येऊ लागले, आणि सार्वजनिक प्रश्नावर ठराव मांडून मतदान मागण्याचा हक्क मिळाला. सरकारी बहुमत मात्र कायम राहिले आणि ठराव संमत झाला तरी तो सरकारवर बंधनकारक नव्हता. मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ याच कायद्याने आले. भारतमंत्री जॉन मोर्ले याच्याशी गोखले यांनी लंडनमध्ये अनेकदा चर्चा केली होती आणि त्याच्या उदारमतवादावर त्यांचा फार विश्वास होता. हाती आले ते त्या विश्वासाच्या मानाने थोडे होते. १९१० च्या प्रेस कायद्याला त्यांनी नेटाने विरोध केला नाही, हा त्यांच्या कारकिर्दीतील दुबळा भाग आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. १९०७ मध्ये सभाबंदीच्या विधेयकाविरुद्ध ज्या निर्धाराने ते बोलले होते, तो निर्धार या वेळी दिसला नाही.

परंतु ठराव मांडण्याच्या नव्या हक्काचा उपयोग त्यांनी ताबडतोब केला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत होणारी गिरमिटिया (करारबद्ध) मजुरांची रवानगी बंद करण्याचा ठराव मांडला. पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवून घेऊन, मुलूख कोणता, मालक कोण, याची नीट कल्पना न देता माणसे परदेशी पाठविली जात, आणि काम सोडले तर दिवाणी दाव्याऐवजी तुरुंगाची शिक्षा होई. सरकारने हा ठराव स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची रवानगी थांबली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी ही पद्धतच सर्वत्र मोडण्याचा ठराव आणला. तो सरकारी मतांनी पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते दक्षिण आफ्रिकेला गेले, गांधींबरोबर तेथील हिंदी वस्त्यांतून फिरले, आणि गिरमिट संपलेल्या मजुरांवरील तीन पौंडांचा कर रद्द होईल असे तेथील मंत्र्यांशी झालेल्या बोलण्यावरून समजले. तो कर प्रत्यक्षात रद्द झाला १९१४ मध्ये, आणि तोही मोठ्या सत्याग्रहानंतर.

गोखले यांचा जीव सर्वांत जास्त गुंतला होता तो प्राथमिक शिक्षणात. १९११ च्या जनगणनेत देशात साक्षर माणसे शंभरांत सहाच्या आसपास होती. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते पुष्कळांना वाटते तितके धाडसी नव्हते, उलट अतिशय जपून बेतलेले होते. एका फटक्यात देशभर सक्ती करावी असे त्यात कोठेही नव्हते. ज्या म्युनिसिपालटीला किंवा जिल्हा बोर्डाला सक्ती करावीशी वाटेल तिने सरकारची परवानगी घेऊन ती आपल्या हद्दीत करावी. ती देखील शाळेत जाण्याच्या वयाची काही प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तरच, आणि हे प्रमाण सुमारे ३३ टक्के असावे असे गोखले यांचे म्हणणे होते. सक्ती ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांपुरती. मुलींचा प्रश्न पुढे, लोकमत तयार होईल तसा. ज्या पालकाचे उत्पन्न महिना १० रुपयांहून जास्त नाही त्याच्या मुलाला फी माफ. खर्चासाठी स्थानिक संस्थांनी शिक्षणकर बसवावा आणि दोनतृतीयांश भार सरकारने उचलावा.

हा आराखडा त्यांनी इंग्लंडच्या १८७० च्या आणि आयर्लंडच्या १८९२ च्या कायद्यावरून घेतला होता. आणि घरातलेच उदाहरण म्हणून बडोद्याकडे बोट दाखविले होते, कारण सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू करून १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात नेले होते. जे एका संस्थानिकाला जमते ते ब्रिटिश सरकारला का जमू नये, या प्रश्नाला सरकारकडे नीट उत्तर नव्हते. पैसा नाही, लोकांची मागणी नाही, प्रांतिक सरकारांचा विरोध आहे, अशी कारणे देण्यात आली. काही हिंदी सभासदही विरोधात गेले. गुराख्याचे आणि शेतमजुराचे पोर शाळेत बसले तर कामाला हात कोठून आणायचे, ही भीती जमीनदारवर्गात होती. मार्च १९१२ मध्ये विधेयक निवड समितीकडे पाठविण्याच्या प्रस्तावावर मतदान झाले: बाजूने १३, विरुद्ध ३८.

विधेयक पडणार हे गोखले यांना माहीत होते आणि त्यांनी ते भाषणात बोलूनही दाखविले. हे विधेयक पुन्हापुन्हा या सभागृहात येईल, आणि आमच्या पिढीला अपयशातूनच देशाची सेवा करावी लागणार आहे, असे त्यांनी सांगितले.

याच वर्षी सरकारी नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या इस्लिंग्टन कमिशनवर त्यांची नेमणूक झाली. हिंदी माणसांना वरिष्ठ नोकऱ्यांत किती आणि कसा शिरकाव मिळावा, सनदी नोकरीची परीक्षा लंडनबरोबर हिंदुस्थानातही व्हावी की नाही, हे त्यापुढचे प्रश्न होते. मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना ते साक्षीदारांची उलटतपासणी करीत शहरोशहरी फिरले. कमिशनचा अहवाल त्यांना पाहता आला नाही. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात, वयाच्या ४९ व्या वर्षाच्या आतच, त्यांचा मृत्यू झाला. ज्यांच्याशी आयुष्यभर मतभेद झाले त्या लोकमान्य टिळकांनी स्मशानात बोलताना त्यांना हिंदुस्थानचा हिरा आणि महाराष्ट्राचे रत्न म्हटले.

अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि सनदी परीक्षा हिंदुस्थानात, अलाहाबादला, १९२२ मध्ये सुरू झाली. गिरमिटियांची रवानगी १९१७ मध्ये थांबली. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात त्याच वर्षी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला, आणि १९१८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विठ्ठलभाई पटेल यांनी म्युनिसिपालट्यांना शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारे विधेयक संमत करून घेतले. सक्ती करण्याचा निर्णय स्थानिक संस्थेने घ्यायचा आणि सरकारने परवानगी द्यायची, ही त्याची घडण १९११ च्या विधेयकातलीच होती.